एमआरआय नॉर्मल आहे, मग आजार कुठे आहे?

सोमवारी मेडिसिनच्या ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका सोमवारी निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार आपल्या बावीस वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलगा पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होता, पण वर्षभरापासून कॉलेज सुटलं होतं. खोलीचं दार लावून बसायचा, सांगितल्याशिवाय अंघोळ नाही, जेवणात कुणीतरी काहीतरी कालवतंय म्हणून आईच्या हातचंही खाईना. मध्येच कुणाशी तरी बोलायचा, आणि विचारलं तर गप्प. घरच्यांनी आधी एका देवऋषीचे उंबरे झिजवले, मग कुणाच्या तरी सांगण्यावरून शहरात जाऊन मेंदूचा एमआरआय काढला. तो रिपोर्ट टेबलावर ठेवत वडील म्हणाले, ‘‘साहेब, यात तर काहीच निघालं नाही. मेंदू नॉर्मल आहे म्हणतात. मग हा नाटकं करतोय का?’’

मुलगा शेजारीच उभा होता. त्याने मान वर केली नाही.

सरकारी रुग्णालयातल्या तीसेक वर्षांत हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की आता विचारणाऱ्याचा रागही येत नाही. राग आलाच तर स्वतःचा येतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात अशा नातेवाइकांना ‘मेंदूत काही दोष नाही’ एवढं सांगून मी पुढच्या रुग्णाकडे वळत असे. धीर द्यावा एवढाच हेतू असायचा. पण घरी जाईपर्यंत त्या वाक्याचा अर्थ ‘पोरगं मुद्दाम करतंय’ असा होऊन बसायचा, आणि मग औषधाऐवजी पट्ट्याने उपचार व्हायचे. ते वाक्य मी आता वापरत नाही. त्याऐवजी सांगतो, ‘‘एमआरआयला जेवढं दिसतं, तेवढं नॉर्मल आहे.’’ मग साहजिकच पुढचा प्रश्न येतो, की एमआरआयला दिसत नाही असं काय आहे? आजचा लेख त्याच्या उत्तराचा आहे. त्या उत्तराला एक नाव आहे, न्यूरोपिल.

या शब्दाशी माझी पहिली ओळख एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत झाली, आणि ती फारशी सन्मानाची नव्हती. मेंदूच्या पातळ कापावर नेहमीचे दोन रंग चढवले, की चेतापेशींचे गाभे निळे-जांभळे उठून दिसतात. त्यांच्या आजूबाजूला, सगळ्या पटलावर, गुलाबी रंगाचं काहीतरी पसरलेलं असतं. त्याला ना आकार, ना रेघ. आम्ही जर्नलमध्ये गाभे काढायचो, त्यांना बाण करून नावं द्यायचो, आणि उरलेल्या कागदावर गुलाबी पेन्सिल आडवी धरून फिरवायचो. ती गुलाबी पेन्सिल म्हणजे न्यूरोपिल. तोंडी परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे. पार्श्वभूमीवर कोण प्रश्न विचारणार?

नावातला ‘पिल’ हा ग्रीक शब्द लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचा. आपल्याकडे त्याला सरळ प्रतिशब्द आहे, बुरणूस. घोंगडी मागावर विणतात, तिचे उभे-आडवे धागे मोजता येतात. बुरणूस विणलेला नसतो. मेंढीची लोकर पिंजायची, ओली करायची, लाटायची, दाबायची, की केस एकमेकांत असे अडकतात की कुठला कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते कळत नाही. मेंदूचा करडा भाग असाच आहे. चेतापेशीचा गाभा म्हणजे पेशीचं मुख्य घर. पण त्या घरातून झाडासारख्या फांद्या निघतात, त्या दुसऱ्यांचे निरोप घेतात. आणि एक लांब तंतू निघतो, तो आपला निरोप पुढे नेतो. या फांद्या, हे तंतू, ते एकमेकांना जिथे भेटतात ते सिनॅप्स नावाचे सूक्ष्म सांधे, त्यांना वेढून राहणाऱ्या मदतनीस पेशींचे पापुद्रे आणि मधून जाणाऱ्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या, हे सगळं मिळून तो गुलाबी बुरणूस होतो. मेंदूच्या करड्या सालीतला तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग हाच आहे. आम्ही ज्याला पार्श्वभूमी समजत होतो तेच खरं चित्र होतं, आणि आम्ही बाण काढून नावं देत होतो ती त्यातली घरं.

त्या गुलाबी पटलात काय दडलंय हे कळायला माणसाला बराच वेळ लागला. १८७३ मध्ये इटलीतल्या कामिल्लो गोल्जी यांनी मिलानजवळच्या एका लहान गावातल्या इस्पितळात, स्वयंपाकघरात मांडलेल्या प्रयोगशाळेत, चांदीच्या क्षाराने मेंदूची पेशी काळी करण्याची युक्ती शोधली. तिची गंमत अशी, की ती शंभरातल्या मोजक्याच पेशींना रंगवते. कुठल्या, ते तिचं तीच ठरवते. सगळ्या रंगल्या असत्या तर काळा डाग दिसला असता. मोजक्या रंगल्या म्हणून एकेक पेशी तिच्या शेवटच्या फांदीपर्यंत दिसली. स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल यांनी ही पद्धत उचलली, सुधारली, आणि १८८८ मध्ये कोंबडीच्या लहान मेंदूत त्यांना फांद्यांवर बारीक काटे दिसले, बाभळीच्या डहाळीवर असावेत तसे. इतरांना वाटलं हा चांदीचा गाळ आहे. काहाल म्हणाले, नाही, हे खरोखरचे अवयव आहेत. ते बरोबर होते. मेंदूतल्या बहुसंख्य उत्तेजक निरोपांची देवाणघेवाण या काट्यांवरच होते. १९०६ चं नोबेल गोल्जी आणि काहाल दोघांना विभागून मिळालं, आणि गोल्जींनी आपल्या नोबेल भाषणात काहालच्या सिद्धान्तावरच टीका केली. गोल्जींच्या मते मेंदू हे एकसंध जाळं होतं. काहालच्या मते प्रत्येक पेशी स्वतंत्र, फक्त एकमेकींना खेटून. हा तंटा १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मिटवला. दोन पेशींमध्ये सुमारे २० नॅनोमीटरची फट दिसली. एक केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करावा.

आता त्या मुलाच्या एमआरआयकडे येऊ. आपल्या नेहमीच्या एमआरआयमधला एक ठिपका ढोबळमानाने एक घन मिलिमीटर ऊतीचा असतो. मोहरीच्या दाण्याहूनही लहान. एवढ्याशा ठिपक्यात काय असतं, हे २०२४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठ आणि गूगलच्या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं. अपस्मार औषधांना दाद देत नव्हता अशा एका ४५ वर्षांच्या महिलेची शस्त्रक्रिया चालू असताना, खोलवरच्या आजारी भागापर्यंत पोहोचण्यासाठी वाटेतला सालीचा एक निरोगी तुकडा काढावा लागला. तो त्यांनी जपला आणि त्याचे पाच हजारांहून जास्त काप केले, प्रत्येक काप सुमारे ३४ नॅनोमीटरचा. प्रत्येक कापाचे फोटो घेतले, आणि संगणकाने एकेक तंतू कापाकापांतून ओळखत जोडत नेला. त्या एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे ५७ हजार पेशी, २३ सेंटीमीटर लांबीच्या रक्तवाहिन्या आणि १५ कोटी सिनॅप्स निघाले. ही माहिती साठवायला १,४०० टेराबाइट जागा लागली.

पंधरा कोटी सांधे, आणि एमआरआयच्या पडद्यावर तो करड्या रंगाचा एक ठिपका. त्यातले दोन-तीन कोटी सांधे कमी झाले तरी रेडिओलॉजिस्ट ‘नॉर्मल’ असंच लिहिणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही. विमानातून पाहून गाव जागेवर आहे एवढं सांगता येतं. गावातल्या कुणाचं कुणाशी बोलणं बंद झालंय हे तिथून कळत नाही.

याच कामातली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. बहुतेक वेळा एक तंतू समोरच्या पेशीला एकाच सांध्याने स्पर्श करून पुढे जातो, रस्त्यात ओळखीच्या माणसाला मान हलवून जावं तसा. पण क्वचित एखादा तंतू एकाच पेशीला पन्नासहून जास्त ठिकाणी जोडलेला सापडला. ही घट्ट मैत्री कशासाठी, यावर आता काम सुरू आहे.

मात्र न्यूरोपिलचा वागण्याशी संबंध आहे, हे दाखवायला माणसाच्या मेंदूपर्यंत जावं लागत नाही. ते केळ्यावर घोंगावणाऱ्या चिलटातही दिसतं. किड्यांच्या मेंदूची रचना आपल्यापेक्षा स्वच्छ आहे. पेशींचे गाभे सगळे बाहेरच्या सालीत, आणि आतला गर म्हणजे निव्वळ न्यूरोपिल. वासाचे निरोप त्या गरात जिथे येतात तिथे सुमारे पन्नास बारीक गाठोडी असतात. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दिकी आणि व्हेरॉनिका रॉड्रिग्ज यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस वास न कळणाऱ्या चिलटांचे वाण शोधून काढले. रॉड्रिग्ज मूळच्या गोव्याच्या कुटुंबातल्या, जन्म केनियात, शिक्षण डब्लिनमध्ये आणि आयुष्यभराचं काम भारतात. १९८४ मध्ये त्यांनी जर्मन सहकारी एरिख बुखनर यांच्यासोबत चिलटांना किरणोत्सारी साखरेसारखा पदार्थ देऊन मग वास हुंगवला. जो भाग काम करतो तो साखर ओढतो. वासागणिक निरनिराळी गाठोडी उजळली. म्हणजे ‘कुठला वास’ या प्रश्नाचं उत्तर एखाद्या पेशीच्या गाभ्यात लिहिलेलं नव्हतं, ते न्यूरोपिलच्या नकाशात होतं. पुढे चाळीस वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, त्याच चिलटाच्या पूर्ण मेंदूचा जोडणी-नकाशा प्रसिद्ध झाला: १,३९,२५५ पेशी आणि पाच कोटींच्या आसपास सिनॅप्स. खसखशीच्या दाण्याएवढा तो मेंदू. मेंदूविज्ञान म्हटलं की आपल्याला अमेरिका आठवते, म्हणून कुलाब्याची आठवण मुद्दाम काढली.

आपलंही तसंच आहे. मेंदू शरीराच्या वजनाच्या फक्त दोन टक्के, पण बसल्या जागी खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के घेतो, आणि त्यातला मोठा वाटा सिनॅप्सवरच्या व्यवहारातच जातो. वर्तमानपत्रांत मेंदूची लाल-पिवळी चित्रं छापून येतात, ‘प्रेमात पडल्यावर हा भाग उजळतो’ वगैरे, तीही बऱ्याच अंशी न्यूरोपिलकडे धावलेल्या रक्ताची चित्रं असतात.

हा बुरणूस जन्मतः तयार मिळत नाही. पेशी बहुतेक सगळ्या पोटातच तयार होतात. पण फांद्या आणि सांधे यांचा खरा बहर जन्मानंतर येतो. शिकागोचे बालमेंदूतज्ज्ञ पीटर हटनलॉकर यांनी वेगवेगळ्या वयांत दगावलेल्या माणसांच्या मेंदूतले सिनॅप्स सूक्ष्मदर्शकाखाली अक्षरशः मोजले. १९७९ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष तेव्हा अनेकांना उलटा वाटला. कपाळामागच्या सालीत एक-दोन वर्षांच्या बाळाचे सिनॅप्स मोठ्या माणसापेक्षा सुमारे पन्नास टक्क्यांनी जास्त दाट असतात. मग मूल मोठं होतं तसे ते कमी होत जातात, आणि किशोरवयात तर झपाट्याने. पुढच्या अभ्यासांत दिसलं, की कपाळामागच्या भागात ही घट वयाच्या विशीतही चालू राहते. वापरातले सांधे टिकतात, बळकट होतात. बिनवापराचे काढून टाकले जातात. इंग्रजीत या क्रियेला जे नाव आहे ते बागकामातून घेतलेलं आहे, त्यामुळे मराठीत मला शब्द शोधावा लागला नाही. छाटणी.

आणि इथेच त्या बागायतदारांशी माझं बोलणं जुळलं. मी कागदावर झाडासारखी एक पेशी काढली, फांद्यांवर काटे काढले, आणि सांगू लागलो, की पंधरा ते पंचवीस या वयात मेंदूत छाटणी होते, सगळ्यांच्याच होते, ती व्हायलाच लागते. ते लगेच म्हणाले, ‘‘हो ना, नुसती पानं माजून काय उपयोग? काडीला डोळे मोजकेच ठेवायचे.’’ मग मी म्हणालो, ‘‘भाऊ, काही मुलांत ही छाटणी गरजेपेक्षा जास्त होत असावी.’’ ते थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिले. ‘‘म्हणजे ऑक्टोबरात खरड छाटणीच केली म्हणायची,’’ ते म्हणाले. ज्यांना बाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलात असते. तेव्हा काड्या अगदी बुडाशी कापतात. ऑक्टोबरात फळासाठी डोळे राखून कापायचं असतं. त्या वेळी कात्री खोल गेली तर वेल मरत नाही, उभा राहतो, लांबून पाहणाऱ्याला ठीकच दिसतो. फक्त घड लागत नाहीत.

मी आजवर या आजाराची जेवढी वर्णनं वाचली, त्यात मला हे सर्वांत नेमकं वाटतं.

या मुलाला होता तो स्किझोफ्रेनिया. साधारणपणे तो छाटणीच्याच वयात, किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत डोकं वर काढतो, आणि हा योगायोग नसावा अशी शंका १९८२ मध्येच मांडली गेली होती. पुरावा त्यानंतर हळूहळू आला. १९९५ मध्ये येल विद्यापीठातल्या लिन सेलेमन, ग्राझिना राजकोवस्का आणि पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांनी स्किझोफ्रेनिया असलेल्या व्यक्तींच्या मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूचे काप तपासले. कपाळामागच्या एका भागात त्यांना चेतापेशी नेहमीपेक्षा १७ टक्क्यांनी दाट दिसल्या. दाट, विरळ नव्हे! आजारी मेंदूत पेशी मेलेल्या सापडतील अशी अपेक्षा असताना, त्या जवळजवळ आलेल्या दिसत होत्या, आणि सालीची जाडी मात्र किंचित कमी. याचा अर्थ लावताना त्यांनी म्हटलं, की पेशी वाढलेल्या नाहीत. पेशींच्या मधली जागा आटली आहे. घरं तेवढीच, पण मधली अंगणं आणि बोळ आकसल्यामुळे भिंती जवळ आल्या. १९९९ मध्ये त्यांनी या कल्पनेला ‘घटलेल्या न्यूरोपिलचा सिद्धान्त’ असंच नाव दिलं. पुढच्याच वर्षी पिट्सबर्गच्या लिसा ग्लान्ट्झ आणि डेव्हिड लुईस यांनी गोल्जींचीच सव्वाशे वर्षं जुनी चांदी वापरून त्याच परिसरातल्या पेशींवरचे काटे मोजले. स्किझोफ्रेनियात ते सुमारे २३ टक्क्यांनी कमी होते.

कात्री कुणाच्या हातात होती, याचा एक धागा २०१६ मध्ये बॉस्टनमध्ये हाती लागला. सुमारे ६५ हजार लोकांच्या जनुकीय माहितीत स्किझोफ्रेनियाशी सर्वांत ठळकपणे जोडलेली जागा कुठली, तर प्रतिकारशक्तीच्या ‘सी-४’ नावाच्या जनुकाची. हे प्रथिन एरवी जंतूंवर खूण करतं, म्हणजे संरक्षक पेशींनी त्यांना गिळावं. वाढत्या मेंदूत तेच प्रथिन सिनॅप्सवर खूण करायला मदत करतं, आणि मेंदूतल्या सफाई पेशी ते सिनॅप्स गिळतात. सी-४ चा एक प्रकार ज्यांच्यात जास्त तयार होतो त्यांना आजाराचा धोका थोडा अधिक. थोडाच, हे अधोरेखित करतो. हे जनुक असलेली असंख्य माणसं ठणठणीत असतात, त्यामुळे त्याची ‘टेस्ट’ करून घेण्यात अर्थ नाही. कुणी पॅकेजमध्ये विकायला आलं तर पैसे वाचवा.

वैद्यकात आवडता सिद्धान्त मिळाला की पाय जमिनीवर ठेवणं अवघड जातं, म्हणून आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंनी अनेक वर्षं आजारही भोगलेला असतो आणि औषधंही घेतलेली असतात; दिसलेली घट सुरुवातीपासूनची की नंतरची हे त्यातून ठरवणं सोपं नाही. शिवाय स्किझोफ्रेनिया हा बहुधा एकच आजार नसून एका नावाखाली जमलेले अनेक आजार आहेत, आणि सगळ्यांत कात्रीच खोल गेली असेल असं नाही. गेल्या काही वर्षांत जिवंत माणसातले सिनॅप्स मोजणारं पेट स्कॅनचं तंत्र आलं आहे, आणि लंडनमधल्या रुग्णांत त्यानेही घटच दाखवली. पण ते संशोधनापुरतं आहे. आपल्या जिल्ह्यात ते येण्याची वाट पाहत औषध थांबवू नये.

कारण औषध आहे. ते गेलेले काटे परत लावतं असा दावा मी करणार नाही. पण मेंदूतल्या डोपामिनचा गोंगाट ते कमी करतं, बरेचदा आवाज मागे हटतात, संशय सैल होतो, आणि उरलेल्या जाळ्याला काम करायला शांतता मिळते. सांधे आयुष्यभर नवे घडत असतात, चाळिशीतही नवी भाषा शिकता येते ती त्यामुळेच. म्हणून गोळीबरोबर झोप, दिनक्रम, माणसांत बसणं, हाताला झेपेल तेवढं काम, हेही उपचारच. गांजा मात्र कटाक्षाने बंद. या वयात तो धोका वाढवतो हे पुरेसं स्पष्ट झालं आहे. आणि आजार ओळखून उपचार सुरू व्हायला जितका उशीर, तितकं पुढचं अवघड. देवऋषीकडे गेलेले आठ महिने म्हणूनच मला एमआरआयच्या पैशांपेक्षा जास्त टोचतात.

त्या मुलाला मी आमच्या मानसोपचार विभागात स्वतः नेऊन सोडलं. वडिलांचा प्रश्न तिथे पोहोचेपर्यंत बदलला होता. ‘नाटकं करतोय का’ ऐवजी ते तिथल्या डॉक्टर मॅडमना विचारत होते, ‘‘याला पुन्हा फूट यायला किती दिवस लागतील?’’ दोन वर्षं होत आली. पॉलिटेक्निक राहिलं ते राहिलंच. सकाळी तो वडिलांबरोबर बागेत जातो, ठिबकचं काम बघतो, गर्दी त्याला अजून नको वाटते. गोळ्यांनी वजन वाढलं म्हणून कुरकुर करतो, आणि ती कुरकुर रास्त आहे. आम्ही औषध बदलून पाहिलं. आवाज पूर्ण गेले का, विचारलं तर म्हणाला, ‘‘येतात कधीकधी. पण लांबून.’’

न्यूरोपिल आटण्याची गोष्ट म्हातारपणातही आहे. अल्झायमरमध्ये आपण प्रथिनांच्या गाठींबद्दल खूप ऐकतो, पण माणसाची स्मृती किती गेली याच्याशी सर्वांत घट्ट मेळ बसतो तो किती सिनॅप्स गेले याचा; रॉबर्ट टेरी आणि सहकाऱ्यांनी हे १९९१ मध्येच दाखवलं. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मला आज दुसऱ्या टोकाकडे, पाळण्याकडे जायचं आहे. कारण स्किझोफ्रेनियातली कात्री आपल्याला अजून थांबवता येत नाही. पण न्यूरोपिल मुळात उगवूच नये अशी एक अवस्था आहे, आणि ती थांबवता येते. तीही रोज एका छोट्या गोळीत.

बाळाच्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी जन्मतः नसेल किंवा नीट काम करत नसेल, तर मेंदूच्या फांद्या फुटायला लागणारा हुकूमच मिळत नाही. इंग्लंडमध्ये जे. टी. ईयर्स यांनी १९५० च्या दशकात उंदरांच्या पिल्लांची थायरॉइड औषधाने बंद पाडून त्यांचा मेंदू पाहिला. पेशी होत्या, पण लहान आणि एकमेकींना चिकटून. मधलं तंतूंचं जाळं विरळ. त्यांचं वर्णन आणि चाळीस वर्षांनंतरचं येलचं वर्णन शेजारी ठेवून वाचलं, की अंगावर काटा येतो. कारणं पूर्ण वेगळी, आजार वेगळे, पण हरवलेली वस्तू एकच, पेशींच्या मधली जागा.

जगात दर दोन ते चार हजार जन्मांमागे एका बाळाला हा दोष असतो; भारतात त्याहून जास्त, साधारण हजार-बाराशे जन्मांमागे एक. बाळ जन्मतः बहुधा अगदी ठीक दिसतं, कारण पोटात असताना आईचा हार्मोन थोडाफार पुरतो. नंतर कावीळ लांबते, शी कडक होते, बेंबी फुगते, जीभ मोठी वाटते, आवाज घोगरा होतो, बाळ सुस्त पडून राहतं. ही लक्षणं ठळक होईपर्यंत मेंदूचा मोलाचा काळ निघून गेलेला असतो. म्हणून लक्षणांची वाट पाहायचीच नाही. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून रक्ताचे दोन-चार थेंब कागदावर घेतात आणि टीएसएच तपासतात. दोष निघाला आणि दोन आठवड्यांच्या आत गोळी सुरू झाली, तर मूल शाळेत इतरांसारखंच शिकतं. गोळी चमच्यात चुरून आईच्या दुधात किंवा पाण्यात द्यायची, एवढंच. तिची महिन्याची किंमत एका वडापावच्या गाडीवर चौघांनी खाल्लं तर होईल त्याहून फार नसते. गोव्याने अशी नवजात तपासणी २००८ मध्येच सुरू केली. आपल्याकडे ती काही ठिकाणी होते, काही ठिकाणी होत नाही, आणि खासगी प्रसूतिगृहांत बरेचदा ‘हवी असेल तर’ या सदरात मोडते. तुमच्या घरी बाळ येणार असेल तर प्रसूतीच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा: टाचेच्या रक्ताची टीएसएच तपासणी होणार आहे ना? होणार नसेल तर बाहेरून कुठे करायची? घरी सोडण्याच्या गडबडीत हे राहून जातं.

आयोडीनचंही असंच. आईच्या आहारात आयोडीन नसेल तर थायरॉइड तरी हार्मोन कशाचा करणार? हिमाचलातल्या कांग्रा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी मिठात आयोडीन घालून गलगंड हटतो हे दाखवलं, आणि त्यावर देशाचा १९६२ चा कार्यक्रम उभा राहिला. आज पुन्हा ‘नैसर्गिक’ म्हणून बिनआयोडीनचं खडेमीठ आणि गुलाबी मीठ घरांत येऊ लागलं आहे. चवीला वापरा. पण घरात गरोदर बाई असेल तर रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच असू द्या, आणि ते उघडं ठेवू नका.

गेल्या महिन्यात एक बाई आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी घेऊन आल्या होत्या. मुलगी हसरी. माझ्या टेबलावरच्या स्टेथोस्कोपशी खेळत होती, नाव विचारलं तर आईकडे पाहत होती. फाइलमध्ये सगळे कागद क्रमाने लावलेले. जन्म घराजवळच्या एका प्रसूतिगृहातला, वजन चांगलं, तिसऱ्या दिवशी घरी. टीएसएचचा पहिला कागद तिच्या वयाच्या चौथ्या वर्षीचा होता. तेव्हापासून एकही दिवस न चुकता गोळी चालू. उंची भरून निघाली होती, केस, कातडी, सगळं ठीक. मी आतापर्यंतचा इतिहास लिहून घेत होतो, म्हणून विचारलं, ‘‘ताई, बाळपणी काही वेगळं जाणवलं होतं का?’’

‘‘नाही हो डॉक्टर,’’ त्या म्हणाल्या. ‘‘उलट सगळे म्हणायचे, काय गुणी लेक आहे. रडायचीच नाही. नुसती झोपून असायची.’’